गेटाच्या अलीकडं सोडा

प्रश्न कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका आईचा आहे. पत्र चार पानांचं होतं, म्हणून थोडक्यात सांगते. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. गेले सात-आठ महिने तो वडिलांना शाळेच्या गेटापर्यंत येऊ देत नाही, अलीकडच्या कोपऱ्यावरच स्कूटरवरून उतरतो. कारण विचारलं तर, "पप्पांच्या स्कूटरचा हॉर्न गाढवासारखा वाजतोय." घरी पाहुणे आले की बाथरूममध्ये जाऊन बसतो. फोन वाजला की उचलत नाही, वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडं नुसता बघत राहतो. कपाळावरच्या दोन पुटकुळ्यांसाठी आरशासमोर अर्धा-अर्धा तास उभा. आणि एप्रिलच्या उन्हात अंगात जाड जॅकेट. आजोबांचं म्हणणं, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." आईचा प्रश्न एवढाच, की यावर हसायचं का काळजी करायची?

ताई, हसा. पण स्वयंपाकघरात जाऊन, भांड्यांच्या आवाजात हसा. त्याच्या तोंडावर नको. काळजीचं म्हणाल, तर तुमच्या यादीतल्या एकाच गोष्टीपाशी मी थांबले, आणि ती म्हणजे जॅकेट. तिच्याकडं येतेच.

आठ वर्षं मी विज्ञान शिकवलं आणि नंतरची सोळा वर्षं इथल्याच शाळांमधून समुपदेशनाचं काम करत आले. माझ्या खोलीबाहेर चॉकलेटचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो, झाकणाला फट पाडलेला. बोलायला लाजणाऱ्या पोरांनी त्यात चिठ्ठी टाकायची, नाव घालायचं नाही. एक चिठ्ठी आली होती : "मॅडम, माझे कान मोठे आहेत. उपाय सांगा. नाव सांगणार नाही. ९ वी ब, खिडकीकडून तिसरा बाक." दुसरी : "हजेरीला 'हजर' म्हणू का 'येस सर'? माझा आवाज दोन्हीत विचित्र येतोय." एकीनं लिहिलं होतं, "मैत्रिणीनं माझ्या एवढ्या मोठ्या मेसेजला नुसतं 'हम्म' पाठवलं. राग आहे काय? पाच जणींचा वेगळा ग्रुप झालाय काय?" आणि मला सगळ्यात आवडलेली ही : "हसताना माझ्या हिरड्या दिसतात म्हणून मी हसायचं बंद केलंय. पण मराठीचे सर लई हसवतात. काय करू?"

मराठीच्या सरांना मी काही बोलले नाही. हिरड्यांचा इलाज त्यांच्याकडंच होता.

या सगळ्या चिठ्ठ्यांच्या बुडाशी एकच समजूत असते, की सगळे माझ्याकडंच बघतायत. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये तिला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. या वयात पोराला दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करता यायला लागतो. नवी सायकल मिळाली की पोरगं दिवसभर सायकलवरच असतं, तसं हे नवं कौशल्य ते सारखं वापरत सुटतं. फक्त एक घोटाळा होतो. त्याच्या स्वतःच्या मनात चोवीस तास स्वतःचाच विचार चाललेला असतो, म्हणून दुसऱ्याच्या मनातही तोच चालला असणार, असं ते धरून चालतं.

आता हे पुस्तकातलं झालं. कोल्हापुरात ते जसंच्या तसं लागू होत नाही, हे मला कामाच्या पहिल्याच वर्षी कळलं. एका पोराला मी मोठ्या उत्साहानं समजावलं, "अरे, कुणी बघत नसतं तुझ्याकडं." तो म्हणाला, "मॅडम, काल मी रंकाळ्यावर क्लासच्या पोरांबरोबर भेळ खाल्ली. घरी पोचायच्या आधी आईला माहीत होतं. कांदा जास्त घेतला होता, हे पण माहीत होतं."

तो खरं बोलत होता. इथला प्रेक्षक काल्पनिक नाही. मिरजकर तिकटीवरून पोरगं चालत गेलं तर दोन ठिकाणी त्याला "कुणाचा रं तू?" असं विचारलं जातं, आणि तिसऱ्या ठिकाणी न विचारताच "वडिलांवर गेलाय बघ नाकानं" असा निकाल लागतो. गल्लीत मंडळ आहे, तालीम आहे, कट्टा आहे, आणि कट्ट्यावर बसलेल्यांना दुसरं काम नाही. तेव्हा "कुणी बघत नाही" असं पोराला सांगाल तर तुमची किंमत जाईल, कारण ते खोटं आहे हे त्याला ठाऊक असतं. खरं काय ते सांगा : लोक बघतात, बोलतात आणि पुढचा चहा यायच्या आत विसरतात. त्या वयातल्या पोराला यातला शेवटचा भाग तेवढा माहीत नसतो.

यावर एक छान प्रयोग आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला, २००० साली छापून आलेला. एकेका विद्यार्थ्याला अशा गायकाचं तोंड छापलेला टी-शर्ट घालायला लावला, की तो घालणं कॉलेजात लाजेचं वाटावं, आणि मग भरलेल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज जवळपास निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं साधारण पाव लोकांच्या. म्हणजे पाव लोकांनी पाहिलं, हे मान्य करायचं. पोराशी हिशेब करताना मी तो पाव भाग लपवत नाही. त्यामुळंच उरलेल्यावर त्याचा विश्वास बसतो.

आपल्याकडचं उदाहरण सांगते. एका शाळेत १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या कार्यक्रमात आठवीतल्या एका मुलाला गारद द्यायची होती. महिनाभर तयारी केलेली, फेटा बांधलेला, आजी पहिल्या रांगेत बसलेली. "गडपती, गजअश्वपती, भूपती, प्रजापती" इथपर्यंत पोरानं अंगावर काटा आणला. "प्रौढप्रतापपुरंदर"ही निभावलं. आणि "क्षत्रियकुलावतंस"च्या "कु"ला त्याचा आवाज जो वर उडाला, तो थेट कबुतरासारखा छताला जाऊन बसला. एक क्षण शांतता. मग पोरगं खाली आलं, उरलेली गारद कशीबशी पुरी केली, सगळ्यांनी "जय" म्हटलं, कार्यक्रम पुढं सरकला. पोरगं मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना. चार दिवसांनी आई त्याला माझ्याकडं घेऊन आली. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यामुळं महाराजांचा अपमान झाला."

मी त्याला एक काम दिलं. शाळेतल्या दहा जणांना विचारायचं, शिवजयंतीच्या कार्यक्रमातलं काय आठवतंय? स्वतःबद्दल काही काढायचं नाही. यादी घेऊन तो परत आला. माईक दोनदा किंचाळला, हे बऱ्याच जणांना आठवत होतं. पाहुण्यांचं भाषण पाऊण तास चाललं, हे सगळ्यांना आठवत होतं. शिपाईमामांना नारळ नासका निघाल्याचं आठवत होतं. आवाजाचं दोघांनी सांगितलं. त्यातला एक त्याचा जिगरी दोस्त, आणि तो म्हणाला, "माझा तर फळ्यासमोर फाटला होता, वहिनींच्या तासाला." (आमच्याकडं काही शाळांत अजून बाईंना वहिनी म्हणतात.) ती यादी त्या पोरानं बराच काळ दप्तरात ठेवली होती.

आपल्या जुन्या लोकांनी या गोष्टीला किती छान शब्द ठेवलाय : कंठ फुटणे. अंकुर फुटावा तसा कंठ फुटतो. होतं असं, की स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मेंदूला जुन्या पेटीची सवय आणि हातात नवी पेटी आलेली. मग सूर चुकतो. काही महिन्यांत बसतो. घसा बसलाय म्हणून पोराला काढे पाजू नका.

बरं, आता जॅकेट.

एप्रिलमध्ये जॅकेट घालणारी मुलं मला दर वर्षी भेटतात आणि त्यामागं बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. सगळ्यात साधं, घाम. वयात येताना काखेतल्या विशिष्ट घामग्रंथी पहिल्यांदाच कामाला लागतात आणि अंगाला मोठ्या माणसासारखा वास यायला लागतो. शर्टावर डाग दिसतो. डाग झाकायला जॅकेट, जॅकेटमुळं आणखी घाम, असा हा कारभार. रोज आंघोळ, सुती बनियन, रोज धुतलेला शर्ट, एवढ्यावर भागतं. हवं तर साधा डिओडरंट आणून काही न बोलता बाथरूमच्या फळीवर ठेवून द्या. "हे तुझ्यासाठी आणलंय हं, वास येतो" असं जेवताना म्हणू नका.

दुसरं कारण मुलं तोंडानं कधीच सांगत नाहीत, डब्यात चिठ्ठी टाकूनसुद्धा आडून आडून सांगतात. एका चिठ्ठीत होतं : "मी मुलगा आहे. पण मला शंका आहे." एवढंच. पुढच्या आठवड्यात तोच मुलगा आला, दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं माझ्या टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाला फिरवत बसला. मग गोलाकडंच बघत म्हणाला, "छातीला गाठ आलीय. दोन्हीकडं. दुखतीय. मी बाई होणार काय?" त्यानं पोहायला जाणं बंद केलं होतं. तालमीतही जात नव्हता, कारण तिथं लंगोटावर उतरावं लागतं. घरच्यांना वाटत होतं आळस आलाय.

ताई, वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांना, कदाचित जास्तच, हे कमी-अधिक होतं. शरीरात पुरुषी आणि स्त्री दोन्ही संप्रेरकं असतात, आणि वाढीच्या या धांदलीत त्यांचं प्रमाण काही काळ डळमळतं. स्तनाग्राखाली सुपारीएवढी हुळहुळी गाठ येते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. औषध लागत नाही. तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, कारण डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मुलगा त्या दिवसापासून झोपतो. गाठ टणक असेल, एकाच बाजूला वाढत चालली असेल, पाणी येत असेल, किंवा वयात यायच्या आधीच दिसली असेल तर मात्र दाखवायचंच. अजून एक चौकशी हळूच करा. जिममधल्या कुणा 'सरांनी' अंग बनवायला गोळी, इंजेक्शन, बिनलेबलची पावडर असं काही दिलंय का? बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडनं छाती अशीच वाढते, आणि ती आपली आपण जात नाही.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, की तुझ्या वर्गातल्या किती जणांना हे असेल त्याचा अंदाज कर. त्यानं मनात हिशेब केला आणि पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "म्हणूनच तो जाडा अमका पण पोहायला येत नाही!"

तिसरं कारण हसण्यासारखं नाही. काही मुलं-मुली मनातला ताण असह्य झाला की स्वतःच्या हातावर ब्लेडनं, कर्कटकानं जखमा करून घेतात आणि त्या झाकायला पूर्ण बाह्या घालतात. तुमच्या पत्रात तसं सुचवणारं काही नाही, पण बाही कधीच वर जात नसेल, हात धुतानाही नाही, तर विचारलं पाहिजे. बाही ओढून बघायची नाही. थेट, शांतपणे विचारायचं : "तू स्वतःला इजा करून घेतोस का?" विचारल्यानं ते डोक्यात भरवलं जातं, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही. उत्तर 'हो' आलं तर ओरडायचं नाही, रडायचं नंतर, आणि त्याच दिवशी मदत घ्यायची. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

विचारायचं कुठं, हेही महत्त्वाचं. समोरासमोर बसवून "बोल, काय झालंय?" म्हटलं की चौदा वर्षांचं पोरगं दगड होतं. शेजारी शेजारी असताना ते बोलतं. स्कूटरवर मागं बसलेलं असताना, शेंगा फोडताना, भांडी पुसताना. माझ्या खोलीत पृथ्वीचा गोल ठेवलाय तो भूगोलासाठी नव्हे.

पुटकुळ्यांचं पटकन उरकते. तेलग्रंथी या वयात जास्त काम करतात, छिद्रं बुजतात, जंतू वाढतात, मुरूम येतात. साध्या सौम्य साबणानं दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, फोडायचं नाही. टूथपेस्ट, लिंबू, सोडा लावायचा नाही, कातडी भाजते. आणि मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली गोरं करणारी ट्यूब आधी कचऱ्यात टाका. तसल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, आणि मग कातडी पातळ होऊन मुरूम दुप्पट होतात. बेंझॉइल पेरॉक्साइडसारखी चांगली औषधं आहेत, पण ती डॉक्टरांना विचारून.

मुरमावरून आठवलं. फ्लेक्सची गोष्ट सांगितल्याशिवाय कोल्हापुरातल्या पोरांच्या लाजेचा विषय पुरा होणार नाही. एका मुलीला दहावीला चांगले मार्क पडले. तिच्या मामानं हौसेनं गल्लीच्या तोंडाला आठ फुटी फ्लेक्स लावला. वर 'हार्दिक अभिनंदन', मध्ये टक्केवारी, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगलवाल्या पंधरा जणांचे फोटो, आणि तिचा फोटो एका लग्नातला, जवळून काढलेला. हनुवटीवरचा मुरूम लिंबाएवढा झाला होता. पोरगी पंधरा दिवस मागच्या बोळातून ये-जा करत होती. शेवटी पाऊस लागला आणि वाऱ्यानं फ्लेक्स फाटला, तर मामा दुसरा छापायला निघाले. मग मलाच फोन करावा लागला. मामा भला माणूस. म्हणाले, "अवो मॅडम, मी तर अभिमानानं लावला हुता!" त्याच गल्लीत एकाहत्तर टक्के पडलेला एक मुलगाही राहायचा. त्याचा फ्लेक्स लागला नाही, आणि तो महिनाभर कोपऱ्यावर दूध आणायलाही गेला नाही. एकाच फ्लेक्सनं दोन पोरं घरात बसवली.

मुलींचं जग थोडं वेगळं चालतं. तुमचा मुलगा आहे म्हणून मी ते लांबवत नाही, पण "मागं बघ गं जरा" हे तीन-चार शब्द प्रत्येक मुलीला माहीत असतात. पाळीच्या दिवसांत बाकावरून उठायच्या आधी मैत्रिणीला म्हणायचं, मग तिनं मागून चालत जायचं, दप्तर खाली सोडून. मेडिकलमध्ये काउंटरला चार काका उभे असले की ती मुलगी पॅडऐवजी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत येते. तुम्हाला पुतणी-भाची असेल तर एक महिना तुमच्या मुलालाच पॅड आणायला पाठवा. लाज दोघांचीही जाईल.

उंचीचीही तशीच गंमत. सातवी-आठवीच्या वर्गफोटोत मागच्या रांगेत मुली आणि पुढं बसलेली बारकी पोरं, कारण मुलींची वाढीची उडी मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येते. मग पोरं सिंगलबारला लोंबकळतात. लोंबकळू देत, दंड होतील. उंची मात्र बरीचशी आईबापांची असते. ढोबळ हिशेब असा : मुलाच्या बाबतीत दोघांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ सेंटिमीटर मिळवायचे आणि दोननं भागायचं. वडील १६८, आई १५५ असतील तर मुलगा १६८च्या आसपास, आठेक सेंटिमीटर इकडंतिकडं. मुलीसाठी १३ वजा करायचे. हे गणित दिलं की पोरं जोरात उंची मोजत सुटतात आणि निदान गणित करतात.

फोन न उचलण्याबद्दल तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. घेऊ नका. ही पिढी लिहून बोलते. लिहिताना खोडता येतं, फोनवर बोललेलं खोडता येत नाही. पलीकडून काका "ओळखलंस काय?" असं विचारणार, आणि न ओळखता "हो" म्हणावं लागणार, या विचारानंच पोराचा घाम निघतो. ("ओळखलंस काय?" हा प्रश्न मोठ्यांनी बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन केलाय तर नाव सांगा.) पण अनोळखी माणसाशी बोलायची ही भीती टाळत राहिलं तर फुगते. टाळलं की त्या क्षणाला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेचीच चटक लागते. उतारा म्हणजे भीतीच्या लहान लहान पायऱ्या पाडायच्या आणि खालच्या पायरीपासून चढायचं.

एका मुलाचं सांगते. तो मिसळीवर लिंबू पिळल्याशिवाय खात नसे, पण हॉटेलात गेला आणि ताटलीत लिंबू नसलं तर मागायचा नाही. दोन वर्षं बिनलिंबाची मिसळ खाल्ली त्यानं. आम्ही पायऱ्या लिहिल्या. पहिली, वडिलांबरोबर जायचं आणि वेटरकडं बघून नुसतं "पाणी" म्हणायचं. दुसरी, "लिंबू द्या." तिसरी, "कट आणा की जरा," आणि आणल्यावर "अजून थोडा." चौथी, एकट्यानं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचं, धारोष्ण दूध मागायचं आणि वर "साखर नको" म्हणायचं, म्हणजे माणसाला दोन गोष्टी सांगायच्या. शेवटची पायरी मी मुद्दाम घातली होती, ती म्हणजे किराणा दुकानात गर्दीच्या वेळी हातातली चिल्लर पाडायची आणि सावकाश गोळा करायची. प्रत्येक पायरीआधी शंभरपैकी किती भीती वाटते आणि नंतर किती उरली, ते वहीत लिहायचं.

लिंबाच्या पायरीपाशी गाडी तीन रविवार अडली. पहिल्या रविवारी आवाजच निघाला नाही. दुसऱ्या रविवारी निघाला, पण वेटर तोवर पुढच्या टेबलावर गेला होता. तिसऱ्या रविवारी पोरगं म्हणालं, "दादा, लिंबू," आणि वेटरनं न बघताच चार फोडी टाकल्या आणि गेला. वहीत लिहिलं होतं : 'आधी ८०. नंतर १५. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.' खाली रेघ मारून : 'थोडा अपमान वाटला.'

चिल्लर पाडायची पायरी त्यानं केली तेव्हा दुकानातल्या दोन आजींनी वाकून पैसे गोळा करून दिले, आणि "कुणाचा रं तू?" असं विचारलं.

पाहुणे आले की बाथरूममध्ये बसण्याबद्दल मी तुम्हालाच उलटा प्रश्न विचारते. पाहुण्यांसमोर त्याला बोलावून तुम्ही काय करता? पत्रात तुम्ही सहज लिहून गेलाय, की "आत्याबाई आल्या की 'किती काळवंडलास रे' म्हणतात, आणि आम्ही सगळे हसतो." मग तो बाथरूममध्ये बसतो यात त्याचं काय चुकलं? कट्ट्यावरचा प्रेक्षक चहापर्यंत विसरतो. घरचा प्रेक्षक विसरत नाही. तो दर दिवाळीला तोच विनोद परत करतो. मिसरूड, आवाज, रंग, वजन, मार्क या पाच गोष्टींवर घरात पाहुण्यांसमोर बोलायचं नाही, असं ठरवा. आत्याबाईंना आधी फोन करून सांगा. बदल्यात त्याच्याकडून एवढंच मागा, की बाहेर यायचं, नमस्कार करायचा, पाण्याचे ग्लास द्यायचे आणि पाच मिनिटांनी 'अभ्यास आहे' म्हणून जायचं. हातात ट्रे असला की हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटतो. या वयात तो फार मोठा प्रश्न असतो.

त्याच्या झोपेकडंही बघा. या वयात झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणून पोरांना अकरापर्यंत खरोखर झोप येत नाही, आणि गरज असते आठ ते दहा तासांची. त्यात पहाटे सहाचा क्लास. अर्धवट झोपलेल्या डोक्याला "हम्म"चा अर्थ राग असाच लागतो. क्लासची वेळ बदलता आली तर बदला.

डॉक्टरकडं किंवा समुपदेशकाकडं कधी जायचं ते सांगते. शाळा बुडायला लागली, मित्र तुटले, जेवण-झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, आवडीचा फुटबॉल बघायलाही शाहू स्टेडियमवर जाईना झाला, किंवा "मी नसतो तर बरं" असलं काही बोलला, तर वाट बघायची नाही. लोकांमध्ये जायची टोकाची भीती हा आजारही साधारण याच वयात, तेरा-चौदाला सुरू होतो, आणि लवकर हाताळला तर उत्तम बरा होतो. लाजरेपणात मुलगा वाकडी वाट करून का होईना, पण पोचतो. तुमचा कोपऱ्यावर उतरून का होईना, रोज शाळेत पोचतोय. म्हणून मी निवांत आहे.

आजोबांचं राहिलं. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" यावर वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी मुलगा जवळपास असताना त्यांना विचारा, की पहिली दाढी कधी केली, कुणी बघितलं, काय झालं? माझ्या सासऱ्यांना मी असंच विचारलं होतं. त्यांनी तेराव्या वर्षी वडिलांच्या वस्तऱ्यानं चोरून अर्धं मिसरूड उडवलं, तेवढ्यात वडील आले, आणि उरलेलं अर्धं घेऊन ते तीन दिवस तोंडाला उपरणं बांधून दाढदुखीचं सोंग करत हिंडले. चौथ्या दिवशी आजीनं दाढेला लावायला लवंगेचं तेल आणलं तेव्हा भांडं फुटलं. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो जेवण सोडून ऐकत होता.

तेव्हा आधी जॅकेटचं बघा, याच आठवड्यात. छातीचं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडं वडिलांनी घेऊन जावं, तुम्ही नको. आत्याबाईंना फोन करा. मिसळीचा रविवार सुरू करा, कट त्यालाच मागू दे. कोपऱ्यावर उतरायचं म्हणत असेल तर वर्षभर बिनतक्रार उतरू दे, मागं वळून 'डबा घेतलास का' असं ओरडायचं नाही. आणि स्कूटर गॅरेजला दाखवून तो हॉर्न बदलून घ्या. तुम्ही पत्रासोबत पाठवलेलं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. पोरगं बरोबर बोलतंय.